क्लचखालचं बटण

बदलापूरचे दिनानाथ घरातून निघताना गॅस बंद आहे का ते बघतात, कुलूप ओढून पाहतात, जिना उतरतात आणि पुन्हा वर येऊन कुलूप ओढतात. लेकीने, तेजलने, लायसन्स काढलं तेव्हा हेल्मेटवरून त्यांनी इतकं सुनावलं, की ही आता जेवतानाही ते काढणार नाही, असं तिच्या आईला वाटलं.

असा हा माणूस, आणि घोळ घातला तो त्यांनीच. मोटरसायकल गिअरमध्ये असताना बंद पडली, की क्लच दाबूनही सेल्फ घेईना. उल्हासनगरच्या नरेंद्र मिस्त्रीने क्लचच्या दांड्याखाली बोट घातलं. तिथे हरभऱ्याएवढं बटण असतं. गाडी गिअरमध्ये असेल तर क्लच दाबल्याशिवाय ते स्टार्टरला करंटच जाऊ देत नाही. गाडीने उगाच उडी मारू नये म्हणून केलेली सोय.

"बटण गेलंय, काका. नवीन उद्या येईल. तोवर डायरेक्ट करून देऊ?" नरेंद्रने दोन वायरी जोडल्या. "आता केव्हाही चालू होईल. क्लचचं ध्यान तेवढं तुम्ही ठेवायचं."

शिफ्टला उशीर होत होता. दिनानाथ हो म्हणाले. नरेंद्रचा तो उद्या काही उजाडला नाही, आणि घरी यांनी अवाक्षर काढलं नाही. कुठल्या तोंडाने काढणार?

आज तेजलला गाडीवरून वांगणीला मैत्रिणीकडे जायचं होतं. म्हणून दिनानाथ रिक्षाने अंबरनाथ एमआयडीसीत कारखान्यावर आले. बघतात तर पत्रा दाबायच्या प्रेसवरच्या बुधाजीने तिच्या जाळीचा स्विच सुतळीने दाबून बांधलेला. जाळी उघडी असली तरी मशीन चालावं म्हणून.

"सेफ्टी बांधून ठेवतोस? हात गेला म्हणजे?"

"नाना, माझं लक्ष असतं की."

"तुझं असेल रे. पण दुसरा कोणी येऊन बटण दाबेल, त्याला काय माहीत..."

बोलता बोलता त्यांना घरची गाडी आठवली. इमारतीसमोर उतार आहे, म्हणून गाडी ते पहिल्या गिअरमध्ये टाकून लावतात. तेजलला ना त्या गिअरची कल्पना, ना जोडलेल्या वायरींची.

मोबाइल गेटवर जमा. दिनानाथ तिकडे अशा चालीने निघाले, की वॉचमनला वाटलं कुठेतरी आग लागली. फोन वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. शेवटी उचलला गेला.

"बाबा, रागावणार नसाल तर सांगते."

दिनानाथ पायरीवर बसले.

"बटण दाबलं आणि गाडी उडी मारून भिंतीवर गेली. आरसा फुटला. गुडघा खरचटलाय, बाकी काही नाही. मीच क्लच दाबला नसेन. सॉरी."

'पुढच्या वेळी लक्ष ठेव' हे वाक्य वर्षानुवर्षांच्या सरावाने त्यांच्या जिभेवर आलंसुद्धा. एवढं म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. त्यांनी ते गिळलं.

"तेजू, गाडी गिअरमध्ये मी ठेवली होती. आणि क्लचचा स्विच बंद करून वायरी जोडून घेतल्यात. तुला सांगितलं नाही."



"खालच्या सखूमावशी त्या भिंतीपाशीच भाजी निवडत बसल्या होत्या, बाबा. नुकत्याच उठून घरात गेल्या."

दिनानाथांनी वॉचमनकडे खुणेनेच बाहेर जायचा पास मागितला.

"आईला मी सांगू, की तुम्ही?"

"मी सांगतो. नरेंद्रला घेऊनच येतो, नव्या स्विचसकट."

"या. तोवर किल्ली माझ्याकडे राहील."

"राहू दे," दिनानाथ म्हणाले.