दमलेल्याचा फोटो

आमच्या रोह्याच्या या लग्नाच्या फोटोग्राफरकडे समुद्राचं एवढं शूटिंग आहे, की ते पिळलं तर कुंडलिका नदीला पूर येईल. मोकळा दिवस मिळाला की हा होडीतून डॉल्फिन टिपायला जातो. डॉल्फिन वर आला की सवयीने ओरडतो, "हां, इकडे बघा!" तोवर डॉल्फिन खाली आणि फोटोत नुसतं पाणी. लग्नात मात्र नवरी थकली की कॅमेरा बाजूला. "दमलेल्याचा फोटो काढायचा नाय. पाणी द्या तिला."

परवा आम्ही दोघं एका लग्नावरून परतताना खाडीकाठी ओहोटीच्या चिखलात अडकलेला डॉल्फिन दिसला. मी रेल्वेच्या डब्याएवढा सांगतो, तुम्ही म्हशीएवढा समजा.

"काढ की, अख्खा दिसतोय!" मी म्हणालो.

त्याने कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला. गाडीतला, फोटोत नवरा-नवरीच्या मागे लावायचा मखमली पडदा भिजवून डॉल्फिनच्या पाठीवर घातला आणि भरती येईपर्यंत बादलीने पाणी ओतत राहिला. "दमलाय रे तो."

भरतीबरोबर डॉल्फिन गेला, पडदाही गेला. हा डोळे मिटून चिखलातच बसला. मी कॅमेरा उचलला, पुन्हा खाली घेतला आणि त्याच्यासाठी पाणी आणायला गेलो.