कंपनी नव्हे, गिरणी

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी वाशीच्या दाणा मार्केटात एका गाळ्यावर दिवाणजी होतो. दिवाणजी म्हणजे बिलं लिहिणारा. गव्हाचं पोतं मी आयुष्यात कधी उचललं नव्हतं, ते काम वडिलांनी माथाडी म्हणून केलं. गहू पेरलाही नव्हता, साताऱ्याकडची शेती चुलते बघायचे. पण दिवसभर धान्याची नावं लिहून लिहून धान्यातलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा समज झाला होता. तळहातावर चार दाणे घ्यायचे, फुंकर मारायची, एक दाणा दाताखाली फोडायचा आणि 'हं' म्हणायचं, हे मी आमच्या शेठकडून उचललं होतं. त्या 'हं'मागे काय असतं ते मात्र उचलायचं राहिलं.

आम्ही कोपरखैरण्यात राहायचो. वस्ती नवी होती. घरं उभी राहिली होती, पण दळण टाकायला जवळ काही नव्हतं. बायको डबा घेऊन बसने वाशीला जायची. एकदा परत येताना ड्रायव्हरने ब्रेक मारला, झाकण उडालं आणि ज्वारीचं निम्मं पीठ कंडक्टरच्या डोक्यावर गेलं. घरी येऊन ती म्हणाली, "अहो, इथं कुणीतरी गिरणी काढली तर किती बरं होईल."

ती गिरणी म्हणाली. मला ऐकू आलं, कंपनी.

वसाहतीला लागूनच आगरी लोकांचं जुनं गाव होतं. तिथल्या एकाशी माझी चहाच्या टपरीवर ओळख होती. त्याची भातशेती नव्या शहरात गेली होती आणि तो औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात पाळीवर जायचा. गावाच्या तोंडाशी त्याची पत्र्याची एक शेड रिकामी होती. तो माझ्यापेक्षा मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायचो. तो मला दिवाणजी म्हणायचा.

"गिरन टाकायची ना? टाकू की," तो म्हणाला.

"गिरण नाही दादा. कंपनी. आपण गहू घ्यायचा, दळायचा, छापील पिशव्यांत भरायचा आणि बिल्डिंगींमध्ये घरपोच द्यायचा."

"पिशवीत भरा नायतर पाटीत भरा," तो म्हणाला, "दलायला चाकीच लागंल ना?"

चक्की त्याने शोधली, मोटर त्याने आणली, थ्री फेजच्या मीटरसाठी हेलपाटे त्याने घातले. मी लेटरहेड छापून घेतलं. शिवाय एक रबरी शिक्का करून घेतला, 'मॅनेजिंग पार्टनर'. तो मारण्यासारखा एकही कागद नसल्यामुळे मुलीच्या वह्यांच्या पहिल्या पानांवर मारून पाहिला. बाईंनी शाळेतून विचारणा केली.

दसऱ्याला उद्‌घाटन ठरलं. आमचे शेठ पाहुणे म्हणून आले, पांढऱ्याशुभ्र सफारीत. गावातले दहा-पंधरा जण, वसाहतीतली माझी माणसं, आणि शेडच्या उंबऱ्यावर दादाची आई. तिला सगळे आये म्हणायचे. नारळ फुटला, दादाने खटका दाबला, चक्की घरघरली, शेठनी ओंजळभर गहू वर टाकला, दादाने त्यामागून अर्धं पोतं ओतलं. मी भाषणाला उभा राहिलो. पाठ केलेलं होतं.

"मित्रहो, आज इथे नुसतं चाक फिरत नाही," मी चक्कीच्या आवाजावर ओरडलो, "आज या गावाचा काळ पुढे फिरतोय!"

टाळ्या पडल्या. पीठ पडेना. चक्कीच्या तोंडाला बांधलेली कापडी पिशवी तशीच लोंबत राहिली. मी भाषण वाढवलं. शेतकरी, शहर, उद्योग, सगळं बोलून झालं. तेवढ्यात करपल्याचा वास सुटला. शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी अधिकारवाणीने सांगितलं, "मशीन नवीन आहे. तापल्याशिवाय सोडत नाही."

"तापलंय कवाच," उंबऱ्यावरून आये म्हणाली. "बंद करा ती. उलटा फिरतंय तुमचा जाता."

मी हसलो. म्हणजे वडीलधाऱ्या माणसाचं बोलणं सुशिक्षित माणसाने ज्या पद्धतीने मनावर घ्यायचं नसतं, त्या पद्धतीने हसलो. "आये, हे मोटरवरचं आहे. याला उलटं-सुलटं नसतं."

"जात्याला असतंच," ती म्हणाली. "दगडाच्या खाचा जिकडं वलल्या तिकडं फिरवाचा. उलटा फिरवला तं पीठ भायेर येत नाय, आतच जलतं."

मोटर जोडणारा वायरमन कोपऱ्यात पेढा खात होता. त्याने पेढा तोंडात टाकला, बोटं विजारीला पुसली, मेन स्विच पाडला आणि मोटरच्या दोन वायरी आपापसात बदलल्या. एवढंच. पुन्हा खटका दाबल्यावर आत अडकलेलं सगळं पीठ एकदम सुटलं, कापडी पिशवीची गाठ उडाली आणि आमचे पाहुणे सफारीसकट भुवयांपर्यंत पांढरे झाले. सफारी मुळातच पांढरी होती, एवढीच माझी पुण्याई.

शेठ रुमालाने भुवया झटकत निघून गेले. दुसऱ्या दिवशी गाळ्यावर मात्र त्यांनी मला हाक मारली, "या, काळ पुढे फिरवणारे!" ती हाक पुढे सबंध मार्केटात गेली. हमालही मला तशीच हाक मारायचे.

पिशव्या मात्र देखण्या झाल्या होत्या. वर गव्हाची ओंबी, खाली इंग्रजीत नाव. मी टाय लावून दारोदार गेलो. दार उघडणारी प्रत्येक बाई तेच विचारायची. गहू कुठला? निवडला कुणी? दळला कधी? दुसऱ्या मजल्यावरच्या कराडकडच्या एका म्हातारीने पिशवी हातात घेतली, दाबून पाहिली आणि माझ्या हातात परत दिली. "बाबा, दुसऱ्यानं निवडलेल्या गव्हावर माझा इस्वास न्हाई. आणि तुझी बायको हे खाती का?"

पुढे खाल्लं. खावंच लागलं. खाडीकडची दमट हवा लागून पिठाला जाळ्या धरल्या आणि न खपलेल्या पिशव्या माझ्याच घरी आल्या. बायको रोज सकाळी चाळणी घेऊन बसायची आणि एक अक्षर बोलायची नाही. ती काही बोलली असती तर मी भांडलो असतो, निदान तेवढा तरी आधार मिळाला असता.

एके दिवशी मी मार्केटातून लवकर सुटलो आणि शेडवर गेलो, तर दाराबाहेरच्या कट्ट्यावर डब्यांची रांग. स्टीलचे, पत्र्याचे, तेलाचे कापलेले. आत चक्की चालू, दादा पिठाने माखलेला, आणि आये पाटावर बसून कुणाच्या तांदळाच्या पिठाची चिमूट बोटांत चोळून बघत होती.

"दादा, हे काय?"

"दलन," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीपासून. तुमाला राग येल म्हनून तुमी मार्केटात गेल्यावर घेतो."

मला राग आलाच. आपण कंपनी आहोत, वगैरे मी सुरू केलं. रांगेतल्या बायका शांतपणे ऐकत होत्या. आये मध्येच म्हणाली, "दिवाणजी, उभंच हाव तं तो डबा उतरवा." मी डबा उतरवला. मग पुढचा. त्या दिवशी मला पहिल्यांदा समजलं की भाकरीचा तांदूळ धुऊन, सावलीत सुकवून मग दळतात, आणि गावातली निम्मी घरं त्यासाठीच आमच्याकडे येतात. मी त्यांना गव्हाच्या पिठाच्या पिशव्या विकायला निघालो होतो.

तेव्हापासून रविवारी मी शेडवर जाऊ लागलो. डबे उतरवायचे, तोलायचे, झाकणावर खडूने नंबर घालायचा. चक्कीला हात लावायची मला परवानगी नव्हती. एकदाच दादा जेवायला गेला असताना मी लावला. एक बाई आषाढीच्या उपासासाठी राजगिरा आणि वरई घेऊन आल्या होत्या. मी तत्परतेने दळून दिलं. आधीची ज्वारी दगडांत शिल्लक असते आणि उपासाचं दळण नेहमी धुतल्या दगडावर, सकाळी पहिलं घ्यायचं असतं, हे मला माहीत नव्हतं. संध्याकाळी त्या परत आल्या. थालीपीठ लावताना त्यांना रंगावरून शंका आली होती, पण तोवर त्यांच्या सासूबाईंनी दोन खाल्ली होती.

"तीस वर्षांचा नेम हो त्यांचा," त्या म्हणाल्या. "आता त्यांना मी काय सांगू?"

मी म्हणालो, "सांगूच नका."

तेवढ्यात मागून सासूबाईच आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता गिरणीला टाळं. त्यांनी कपाळाला हात लावला, आकाशाकडे बघून काहीतरी पुटपुटल्या आणि मला म्हणाल्या, "माझं पाप तुझ्या नावावर सांगितलंय देवाला. पण थालीपीठ काय खुसखुशीत झालं होतं रे!"

चार वर्षांनी मी खारघरला घर घेतलं. दर रविवारचं येणं-जाणं जमणार नव्हतं, म्हणून मी भागीदारीतून बाहेर पडायचं ठरवलं. ते सांगायला एका रविवारी शेडवर गेलो. कसं सांगावं, दादाला किती वाईट वाटेल, कंपनीचं पुढे काय होईल, याचा मी आठवडाभर विचार केला होता. दोन वाक्यं तर आरशासमोर म्हणून पाहिली होती.

दादाने चक्की बंद केली आणि गमछ्याने तोंड पुसत सगळं ऐकून घेतलं.

मग तो आयेकडे वळून खरोखरच्या काळजीने म्हणाला, "आये, दिवाणजी चाल्ले. आता रविवारचे डबे कोन उतरवंल?"

आये विचारात पडली. बाहेर बारा डबे लागले होते. मी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि तेवढे उतरवून मगच घरी गेलो.