दोन्ही घरांचा पाळक

शेरीफच्या ऑफिसात फोनवर बसायला लागून मला एकवीस वर्षं झाली. लार्क काउंटीत कुणाच्या घरी काही बिनसलं की पहिला आवाज माझा ऐकू येतो. त्यानंतर पोचतो तो डेप्युटी, शेरीफच्या हाताखालचा पोलीस. आणि सगळं होऊन गेल्यावर, आम्ही पुढच्या फोनकडे वळलो तरी त्या घरात जे बसून राहतात, ते पास्टर क्वाले.

आर्डन क्वाले आमच्या गावच्या लूथरन चर्चचे पाळक. मंडळीत नव्वद माणसं, त्यातली थंडीत उगवणारी चाळीस. तेवढ्या मंडळीच्या पगारात भागत नाही, म्हणून सकाळ-दुपार ते शाळेची बस चालवायचे. शेरीफने बारा वर्षांपूर्वी त्यांना आमचे चॅपलेन केलं, म्हणजे पोलिसांचा आणि त्यांच्या घरच्यांचा पाळक. पगार नाही. पाठीवर 'चॅपलेन' लिहिलेलं एक निळं जाकीट मिळालं, तेही एक माप मोठं.

दर गुरुवारी ते कुणा ना कुणा डेप्युटीबरोबर गाडीत फिरायचे. बसला रेल्वे फाटकापाशी थांबून, दार उघडून, गाडी येत नाही ना हे ऐकावं लागतं. ती सवय इतकी मुरलेली की शेजारी बसलेले असले तरी फाटक आलं की "थांब" म्हणायचे आणि काच खाली करायचे. बाहेर उणे वीस असलं तरी. डेप्युटी पोरं बोंबलायची, "पास्टर, देवावर विश्वास आहे ना तुमचा?"

"देवावर आहे रे. मालगाडीवर नाही."

वाईट बातमी सांगायला डेप्युटीबरोबर तेच जायचे. उंबऱ्यातच, सरळ, 'वारला' हा शब्द उच्चारायचा, ही त्यांची शिस्त. "सोडून गेला म्हटलं की माणसं विचारतात, कुठे गेला. मग पुन्हा सांगावं लागतं." त्यानंतर ते फारसं बोलायचे नाहीत. कॉफी टाकायचे, कुणाकुणाला फोन करायचेत ते कागदावर लिहायचे, कुत्र्याला खायला घालायचे. त्या दिवशी कुत्र्याची आठवण कुणालाच नसते.

तो फोन आला फेब्रुवारीत, मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमाराला. मार्लिस ऑपडाल बोलत होती. गावापासून सव्वीस मैलांवर तिचं शेत. नवरा पाच वर्षांपूर्वी गेलेला. ती आणि सव्वीस वर्षांचा मुलगा कोल्बी, दोघंच. कोल्बीचं डोकं कधी कधी ताब्यात राहायचं नाही. दोनदा इस्पितळात राहून आला होता. सगळ्या गावाला माहीत होतं, आणि गावाने ते बऱ्यापैकी सांभाळूनही घेतलं होतं.

"जोलीन, तो बंदूक घेऊन शेडमध्ये गेलाय," मार्लिस म्हणाली. "तीन रात्री झोपला नाहीये. कुणाला तरी पाठव. आणि सांग त्यांना, तो वाईट नाहीये म्हणून."

ड्युटीवर एकटा जॅरड वेटझेल होता. एकतीस वर्षांचा, दोन लहान मुलींचा बाप. त्याच्या मदतीला जाणारी दुसरी गाडी चाळीस मिनिटं लांब. जॅरड पोचला, शेडच्या दारात उभा राहून अकरा मिनिटं कोल्बीशी बोलला. बंदूक खाली ठेव म्हणाला, थंडीबद्दल बोलला, दोघं एकाच शाळेत होते त्याबद्दल बोलला. मग कोल्बीने बंदूक उचलून त्याच्यावर रोखली, आणि जॅरडने गोळी झाडली.

मार्लिस फोनवरच होती. आवाज मीही ऐकला. ती स्वयंपाकघराचं दार उघडून अंगणात धावली, आणि शेडमधून जॅरड ओरडला, "आत जा! मार्लिस, आत जा! पुढे येऊ नका!" ती थांबली नाही, तेव्हा तो आणखी जोरात ओरडला. तिच्या हातातल्या फोनमधून मीही तेच सांगत होते. ती पायरीवर परत आली आणि तिथेच उभी राहिली. कोल्बी आणखी सात मिनिटं जिवंत होता. ती सात मिनिटं त्याच्या आईने चाळीस पावलांवर उभं राहून काढली.

पास्टर बस लावून थेट तिकडे गेले. आधी मार्लिसकडे. तिची बहीण येईपर्यंत तीन तास तिच्याजवळ बसले. तिथून जॅरडच्या घरी. आणि माझी पाळी संपायच्या आधी माझ्याकडे आले, हातात हॅम सँडविच. "खा," म्हणाले. "सकाळपासून काही खाल्लं नसशील." मी खाल्लं. ते शेजारी खुर्ची ओढून बसले. दोनदा फोन वाजला, मी घेतला. ते उठले नाहीत.

अडचण दुसऱ्या दिवशी सुरू झाली. मार्लिस त्यांच्या मंडळीतली. कोल्बीला बाप्तिस्मा त्यांनीच दिलेला. आणि जॅरड त्यांच्या गुरुवारच्या पोरांतला. मार्लिसने त्यांना विचारलं, "पास्टर, तुम्ही नक्की कुणाचे?"

"तुझा पाळक आहे, मार्लिस. आणि त्याच्याकडेही जाणार आहे. तुला लपवून जाणार नाही."

"मग माझ्या पोराला मूठमाती देताना ते निळं जाकीट घालू नका."

त्यांनी घातलं नाही. प्रेतयात्रेत उणे पंधरामध्ये साध्या काळ्या कोटात उभे राहिले. दोन डेप्युटींनी त्यावरून अबोला धरला. मंडळीतल्या तिघाचौघांनी उलटा आरोप केला, की हा माणूस त्या वेटझेलच्या घरी जाऊन कॉफी पितो. पास्टर दोघांचंही ऐकून घ्यायचे आणि दोन्हीकडे जायचे. जॅरडला कामावरून बाजूला ठेवलं होतं. तो गॅरेजमध्ये बसून राहायचा, एकच पाना पुसत. त्याची बायको टेसा पास्टरना म्हणाली, "माझ्याशी बोलत नाही. तुम्ही आलात की निदान तोंड उघडतो."

मार्चमध्ये एका दुपारी त्याने तोंड उघडलं, हे तोच मला पुढे कधीतरी म्हणाला. सगळं सांगितलं, ती सात मिनिटंसुद्धा. सांगून झाल्यावर म्हणाला, "हे कुणाला सांगू नका. वकील म्हणालाय, तपास संपेपर्यंत त्या घराशी एक शब्द बोलायचा नाही." पास्टर म्हणाले, "माझ्यापाशी राहील." राज्याचे तपास अधिकारी आले, त्यांनीही पास्टरना विचारलं. पास्टर त्यांना म्हणाले की पाळकापाशी केलेलं बोलणं त्यांना मिळणार नाही. त्यांनी ते मान्य केलं. अवघड होतं ते मार्लिसचं.

मे महिन्यात पास्टर तिच्याकडे पेरणीची चौकशी करायला गेले होते. तिने शेत शेजाऱ्याला कसायला दिलं होतं. टेबलाशी बसता बसता तिने विचारलं, "तो तुम्हाला काही बोलला?"

पास्टर खोटं बोलू शकले असते. "बोलला," ते म्हणाले.

"कोल्बी शेवटी काही म्हणाला का?"

"मार्लिस, ते मला सांगता येणार नाही."

"म्हणजे म्हणाला."

पास्टरनी हातातला कप खाली ठेवला.

"मला माझ्या पोराजवळ जाऊ दिलं नाही त्याने," ती म्हणाली. "कुत्र्यासारखं हाकललं मला माझ्याच अंगणातून. आणि आता माझ्या पोराचं शेवटचं बोलणं तुमच्या खिशात. माझ्या टेबलाशी बसून माझीच कॉफी पिताय, आणि ते खिशातच ठेवताय."

"त्याने विश्वासाने सांगितलंय. मी ते फोडलं तर उद्या या काउंटीतला एकही माणूस मला काही सांगणार नाही."

"काउंटीचं मला काय सांगता? उठा. आणि परत येऊ नका."

ते उठले. त्या रविवारपासून मार्लिस चर्चला आली नाही. का, ते मला तिच्या बहिणीने सांगितलं.

तो उन्हाळा त्यांना जड गेला. ते बोलले नाहीत, पण जूनच्या पहिल्या आठवड्यात, शाळेच्या शेवटच्या दिवशी, मी त्यांना बसच्या आगारात पाहिलं. मुलं केव्हाच उतरून गेली होती, इंजिन बंद होतं, आणि ते दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसले होते. मी काचेवर टकटक केली. "बरं वाटत नाही का?"

"बरा आहे. उतरायचं लक्षातच आलं नाही."

मी म्हटलं, "पास्टर, सांगून टाका ना तिला. कुणाला कळणार आहे?"

"तुझ्याकडे रोज किती जणांचं काय काय येतं, जोलीन. त्यातलं तू किती सांगतेस?"

 फोनवर ऐकलेलं मी माझ्या नवऱ्यालाही सांगत नाही.

त्यांनी जॅरडला एकदाच विचारलं, ऑगस्टमध्ये. जॅरड म्हणाला, "वकील नको म्हणतोय." पास्टरनी पुन्हा विषय काढला नाही. ऑक्टोबरमध्ये निकाल आला. जॅरडवर कुठलाही गुन्हा नाही, त्याने जे केलं ते नाइलाजाने केलं. शेरीफने त्याला परत ये म्हटलं. जॅरडने बॅज टेबलावर ठेवला आणि पलीकडच्या गावात धान्याच्या कोठारावर नोकरी धरली.

त्या आठवड्यात पास्टर त्याच्याकडे गेले. "आता वकील मध्ये नाही," ते म्हणाले. "जायचं की नाही ते तू ठरव. माझं ओझं हलकं व्हावं म्हणून जाऊ नकोस."

"ती मला दारात तरी उभं करील का?"

"माहीत नाही. मलाही करत नाही."

जॅरडला तयार व्हायला तीन आठवडे लागले. मग पास्टरनी मार्लिसला फोन केला. ती म्हणाली, "त्याला येऊ द्या. तुम्ही गाडीत बसा."

पुढचं मला जॅरडने सांगितलं आणि नंतर मार्लिसनेही. दोघांचं सांगणं जुळतं, फक्त आधी कोण रडलं याबद्दल दोघांचं एकमत नाही.

नोव्हेंबरची दुपार होती. जॅरड स्वयंपाकघरात उभाच राहिला. ती बस म्हणाली नाही. म्हणून त्याने उभ्यानेच सांगितलं. गोळी लागल्यावर कोल्बी खाली बसला, बंदूक सुटली. जॅरडने जखमेवर हात दाबून धरला, अंगावरचं जाकीट काढून त्याच्यावर घातलं. तेवढ्यात अंगणातलं दार वाजलं. कोल्बीने विचारलं, "आई आहे का?" जॅरड हो म्हणाला. कोल्बीने त्याचं मनगट पकडलं. "तिला येऊ देऊ नको. तिने बघायला नको."

"म्हणून ओरडलो मी," जॅरड म्हणाला. "नाहीतर मी तुम्हाला येऊ दिलं असतं. आम्हाला शिकवलंय की येऊ द्यायचं नाही, पण मी दिलं असतं."

मार्लिसने टेबलाची कड धरली. मग एकेक विचारत गेली. त्याला थंडी वाजत होती का? फार दुखत होतं का? आणखी काही म्हणाला? शुद्धीवर होता का, की त्या तीन रात्रींसारखा भलतंच बोलत होता?

"शुद्धीवर होता. नीट बोलत होता, शाळेत बोलायचा तसा."

यावर ती खुर्चीत बसली. मग म्हणाली, "बस." जॅरड बसला. तिने त्याला माफ केलं असं म्हटलं नाही, त्यानेही माफी मागितली नाही. ती त्याला कोल्बीबद्दल सांगत राहिली: तो सहा वर्षांचा असताना कोंबड्यांना स्वेटर घालायला निघाला होता, ते. जॅरड निघाला तेव्हा म्हणाली, "मुली किती वर्षांच्या झाल्या?"

"सात आणि चार."

"गाडी हळू चालव."

पास्टर पन्नास मिनिटं गाडीत बसले होते, इंजिन बंद करून, कारण इंजिनच्या आवाजाचा आत त्रास होईल असं त्यांना वाटलं. पाय बधिर झाले होते. ती दारापर्यंत आली, गाडीकडे पाहिलं आणि दार लावलं.

मला वाटलं होतं, त्यानंतर ती चर्चला येईल. आली नाही. शेजारच्या गावच्या चर्चला जाऊ लागली. जॅरडशी मात्र तिचं जमलं. नाताळला त्याच्या मुलींसाठी तिने लेफ्से पाठवल्या, बटाट्याच्या त्या पातळ पोळ्या, लोणी-साखर लावून. ज्याने गोळी झाडली त्याला घरात घेतलं आणि ज्याने तोंड मिटून ठेवलं त्याला नाही, हे मला काही केल्या पटेना. मी पास्टरना तसं म्हटलंसुद्धा.

"त्याने तिला काहीतरी दिलं," ते म्हणाले. "मी अडवून धरलं होतं. तिचं बरोबर आहे."

"मग तुमचं चुकलं का?"

"नाही."

"वाईट वाटतं?"

"वाटतं ना. रोज तिच्या फाट्यावरूनच बस जाते."

याला आता चार वर्षं झाली. पास्टरनी बस सोडली, चर्चही एका तरुण बाईच्या हाती दिलं. गुरुवार सोडलेला नाही. शेरीफच्या ऑफिसातली नवी पोरं त्यांना घरातल्या भांडणांपासून गुडघेदुखीपर्यंत सगळं सांगतात, आणि ते कधी कुठे बाहेर आल्याचं मी ऐकलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात मार्लिसचा ऑफिसात फोन आला. कुणाची तरी गाय हायवेवर उभी होती. मी जागा लिहून घेतली. ती फोन ठेवीना.

"पास्टरच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणे," ती म्हणाली. "कसे आहेत?"

"बरे आहेत. घरीच असतात. तूच विचार ना फोन करून."

"विचारीन कधीतरी," ती म्हणाली. "गाय काळी आहे, पांढऱ्या तोंडाची. कुणाला तरी लवकर पाठव, ट्रक येताहेत."