लेकीची शपथ आणि चार चिंचोके

मी गणिताचा मास्तर. सगळा जन्म दुसऱ्यांना शिकवण्यात गेल्यामुळे आपल्याला कुणी शिकवावं हे मला मुळातच रुचत नाही. पण लेक कॉलेजात गेल्यापासून माझ्याशी बोलायची ती ‘जेवले’ आणि ‘गाडीत पेट्रोल नाही’ एवढंच. दर रविवारी दुपारी ती जुळे सोलापुरात व्हॅम्पायरचा कसलासा पत्त्यांचा खेळ खेळायला जाते हे कळल्यावर मी म्हणालो, मलाही ने. ती नाही म्हणाली नाही. मला तेवढं पुरलं.

फ्लॅट बँकेतल्या एका नवरा-बायकोचा. चौथा गडी होटगीहून यायचा, रेल्वेत सिग्नलचं काम करणारा, चाळिशीचा माणूस. मी पाचवा. माझ्याकडे पत्ते नव्हते, तर त्यानं आपल्याजवळचा एक अख्खा जोड मला दिला आणि शिकवायला बसला. इंग्रजीतली बारीक अक्षरं वाचताना मी चिडचिड करायचो. तो चिडत नव्हता.

खेळ सांगायला सोपा. सगळे गोल बसतात. प्रत्येकाच्या हाताखाली काही व्हॅम्पायर असतात आणि प्रत्येकापुढे रक्ताचे थेंब म्हणून तीस चिंचोके. डावीकडचा माणूस तुमची शिकार, उजवीकडच्याची शिकार तुम्ही. चिंचोके संपले की माणूस बाद. जो आधी बाद होईल त्यानं सगळ्यांसाठी चहा टाकायचा, ही त्या घरची रीत. शिवाय खेळताना तोंडी सौदे होतात: तू मला वाचव, मी तुला सोडतो. लेकीनं मला आधीच बजावलं होतं, “बाबा, इथं शब्द मोडला तरी नियमात बसतं. पण लोक लक्षात ठेवतात.”

तिसऱ्या रविवारी माझ्या उजवीकडे लेक होती आणि डावीकडे होटगीवाला. म्हणजे लेक माझ्यावर टपलेली आणि माझा गुरू माझी शिकार. तासाभरात लेकीनं मला चार चिंचोक्यांवर आणलं. मग तिनं एक ठराव मांडला. त्यावर व्हॅम्पायरांचं मतदान होतं, आणि तो पास झाला की मी बाद. ठराव पाडण्याइतकी मतं एकट्या होटगीवाल्याकडे होती.

मी त्याला म्हणालो, “मला वाचवा. पुढच्या फेरीत तुम्हाला हात लावणार नाही.”

तो हसला. “सर, बुडताना मानूस काय पन बोलतो की.”

माझ्या शब्दावर कुणी हसलेलं मला सहन होत नाही. मी उजवा हात उचलून शेजारी बसलेल्या लेकीच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणालो, “हिची शपथ.”

तो हसायचा थांबला. त्यानं एकदा लेकीकडे बघितलं. “मग झालं,” म्हणाला, आणि ठराव पाडला. आपली पाळी आल्यावर त्यानं सगळे व्हॅम्पायर आपल्या डावीकडच्यावर सोडले. हल्ला केलेले पत्ते आडवे होतात, त्यांना मग घरचं राखता येत नाही. माझ्या भरवशावर त्यानं घर उघडं टाकलं होतं.

माझी पाळी आली. हातात नेमका त्याला संपवणारा पत्ता होता. शिकार बाद केली की सहा चिंचोके मिळतात. मी जिंकेन, लेक कौतुकानं बघेल, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. मी त्याला बाद केलं.

बँकेतल्या बाईंनी पंख्याकडे बघितलं. होटगीवाल्यानं आपले पत्ते गोळा केले आणि म्हणाला, “नियमात बसतंय, सर.” मग उठून चहा टाकायला आत गेला. बाहेर आल्यावर पहिला कप त्यानं माझ्यापुढे ठेवला. तो चहा मी कसा प्यायलो, माझं मला ठाऊक.

लेकीनं मला पुढच्याच फेरीत संपवलं. घरी जाताना स्कूटरवर मागे बसून मी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा तिनं गाडीचा वेग वाढवला.

बुधवारी तिला ताप आला. साधा व्हायरल, डॉक्टरही तसंच म्हणाले. वर्गात नजर-दृष्टीची टिंगल करणारा मी, दर तासाला तिच्या कपाळाला हात लावून बघत होतो. लहानपणी मोडलेल्या शपथेवर आमचा एकच उतारा होता: ज्याला शपथ दिली त्यानं ‘सुटली’ म्हणायचं. गुरुवारी शाळेतून अर्धी रजा टाकली आणि गाडी होटगीकडे काढली.

तो स्टेशनाबाहेर झाडाखाली डबा खात होता. या वयात, या पेशात काय मागायला आलोय याची इतकी लाज वाटली की मी आधी उन्हाबद्दल बोललो. मग सांगून टाकलं. “लेकीला ताप आहे. त्या दिवशीची शपथ तेवढी सुटली म्हणा.”

त्यानं घास खाली ठेवला. “ती तर तवाच सोडली की, सर. चहा टाकताना. तुमचं-माझं काय असंल ते असंल, लेकराच्या डोक्यावर कशाला ठेवायचं?” मग डब्याचं झाकण माझ्यापुढे केलं. त्यात अर्धी भाकरी होती. मी ती खाली मान घालून खाल्ली.

शनिवारपर्यंत ताप उतरला. होटगीला गेल्याचं मी लेकीला सांगितलं नाही. सांगायला तोंड नव्हतं.

रविवारी पुन्हा सगळे बसलो. होटगीवाल्यानं मागच्यासारखंच मला पत्ते लावून दिले. लेक पुन्हा माझ्या उजवीकडे होती. खेळ रंगल्यावर मी अडचणीत आलो आणि सौदा करायला समोरच्यांकडे वळून म्हणालो, “माझं एक ऐका…”

लेकीनं मान वर केली नाही. पत्ते बघता बघता तिनं आपली खुर्ची हळूच बाजूला सरकवली, माझा हात पोचणार नाही इतकी.