तार सुटी असताना लागलेला रेडिओ

तीन वर्षांपूर्वी, मार्चमधल्या एका दुपारी, विश्रामबागेत मावशीच्या जुन्या मोटारीतला रेडिओ बॅटरीची तार सुटी असताना लागला. तापलेल्या कथलाचा वास आला की मला ती दुपार आठवते. गाडी विकू नको, असं काका शेवटपर्यंत मावशीला बजावत होते. ते गेल्यावर वर्षभरानं मावशीनं पुण्याला मुलाकडं राहायला जायचं ठरवलं आणि उंब्रजचं एक गिऱ्हाईक पक्कं केलं. काकांनी काढून ठेवलेला मूळचा रेडिओ पुन्हा बसवून द्या, एवढीच त्याची अट होती. त्यासाठी बोलावलेल्या वायरमनची रीत अशी, की आधी बॅटरीची तार सोडायची आणि तिचा नट स्वतःच्या खिशात टाकायचा. तो डॅशबोर्डखाली उताणा पडून रेडिओच्या तारांना कथलाचा डाग देत होता. पत्र्याची शेड तापली होती, सीटच्या रेक्झिनला उग्र वास सुटला होता. अचानक रेडिओच्या काचेमागं पिवळा दिवा लागला आणि खरखर सुरू झाली. "बॅटरी कुणी जोडली रं?" तो खालूनच ओरडला. "कुणीच नाही," मी म्हणालो. त्यानं खिसा चाचपला. नट खिशातच होता. "मग गड्या, करंट आला कुठनं?" चहा घेऊन आलेली मावशी दारातच थांबली होती. रिकाम्या ड्रायव्हर सीटकडं बघत ती हळू आवाजात म्हणाली, "आवं, न्हाई विकत. ऱ्हाते हितंच." खरखर थांबली, दिवा विझला. मी वाकून पाहिलं, तार बॅटरीपासून वीतभर लांब होती. चार वाजता मावशीनं उंब्रजला फोन करून सौदा मोडला. पुण्याला ती आजवर गेलेली नाही.