चुलीची फुंकर

हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत शेकोटीचा धूर आला, की मला सुमनआजी आठवतात. साठी उलटल्यावर त्या माझ्याकडे रेकॉर्डर शिकायला आल्या होत्या. शिट्टीसारख्या तोंडाची ती उभी बासरी त्यांनी अशी फुंकली, की ती किंचाळलीच. वर्गातली मुलं हसली.

"जन्मभर चूलच फुंकली वं, बाई. मले नाही जमत हे," म्हणत आजी उठू लागल्या.

शेजारी बसलेल्या छोट्या रेवाने खरचटलेला गुडघा पुढे केला. "आजी, इथं फुंक. मग त्याच्यात."

आजींनी गुडघ्यावर हलकेच फुंकर घातली, आणि तशीच बासरीत. स्वच्छ, गोल सूर निघाला.

तेव्हा मला वाटलं, वर्गाचा नुसता खेळ झाला. आता कोणाचीही बासरी किंचाळली, की मी आधी विचारते, "आज कोणाले लागलं आहे का?"