हेमांगीचं नाव हलवताना

हेमांगी गेल्याचा फोन आला तेव्हा मी चारोटी नाक्यावर चहा पीत उभी होते. फोन तिच्या धाकट्या भावाचा होता. "ताई, हेमाताई सकाळी गेली," एवढंच तो बोलला. मी विचारलं, "कुठे?" ... ती आठवडाभर वापीच्या दवाखान्यात आहे, कावीळ उतरत नाहीये, हे सगळं मला ठाऊक होतं. तरी तोंडातून तेच निघालं. हातातला चहा मी संपवला, कारण टाकून द्यायचं सुचलं नाही, आणि त्याचा मला पुढे कितीतरी दिवस राग येत राहिला.

आमचं डहाणूत दोन खोल्यांचं ऑफिस. पाड्यापाड्यांवर जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांचं बोलणं, गाणी, गोष्टी रेकॉर्ड करायच्या आणि त्या कॉम्प्युटरला शिकवायच्या, म्हणजे उद्या कुणी फोनशी वारली बोलीत बोललं तर त्याला कळावं, असं आमचं काम. हेमांगी तलासरीहून बसने यायची. रेकॉर्डिंग ती करायची, तपासणी माझ्याकडे. मी वयाने बरीच मोठी आणि जिभेची तिखट. ती माझ्या पुढ्यात पाण्याचा ग्लास ठेवायची आणि म्हणायची, "ताई, तुम्ही आधी चिडून घ्या. मग सांगते." चिडणारं माणूस तिथेच अर्धं विरघळतं.

तिचं खरं कसब मला कळलं ते सायवनच्या सोमीबाईंच्या वेळी. तिकडे वारावरून नाव ठेवायची रीत. सोमवारी जन्मली ती सोमी. एकाच पाड्यावर आम्हाला तीन सोमी मिळाल्या. मुख्य कार्यालयातून आलेल्या एका साहेबांना हा गोंधळ वाटला. त्यांनी आधारकार्डं मागवली आणि नवी रेकॉर्डिंग ज्यावर उतरवली होती त्या आपल्या मशीनवर माऊसने एकेका फोल्डरचं नाव बदलून टाकलं. दिसायला अगदी झकास. पुढे त्यांतल्या एक सोमीबाई वारल्या आणि त्यांची लेक ऑफिसात आली. आईने लग्नातली गाणी म्हटली होती, ती तिला ऐकायची होती. मी माझ्या मशीनवर शोधलं. आधारवरच्या नावाने काही नाही, सोमी नावाने नुसती चिठ्ठीएवढी फाइल, आत आवाज नाही. लेक खुर्चीच्या कडेवर बसून होती आणि मला तिच्याकडे बघवेना.

झालं होतं असं. आमच्याकडे डेटाच्या आवृत्त्या सांभाळणारं एक साधन आहे. ते प्रत्येक रेकॉर्डिंगसाठी एक छोटी खुणेची फाइल ठेवतं. खरा आवाज मोठ्या साठवणीत जातो. नाव किंवा जागा बदलायची तर त्याच साधनाला हलवायची आज्ञा द्यावी लागते, म्हणजे खूण आणि आवाज बरोबर जातात. नुसतं माऊसने बदललं, तर साधन जुन्या नावाची फाइल शोधत बसतं आणि नवं नाव त्याच्या लेखी परकं. मग आवाज साठवणीत पोचतच नाही. हेमांगीने साहेबांच्या मशीनवर फोल्डरला आधी जुनं नाव परत दिलं, आज्ञा देऊन रीतसर हलवलं, साठवणीत पाठवलं, मग माझ्या मशीनवर उतरवून घेतलं. लेकीने गाणी ऐकली, तिसऱ्या गाण्याला पदर तोंडाला लावला.

साहेब मात्र म्हणत राहिले, नावच तर बदललं, त्यात काय एवढं? हेमांगी शांतपणे म्हणाली, "सर, पोरगी सासरी गेली की नुसती पेटी नेऊन भागत नाही. रेशनकार्डावरचं नाव इथनं कमी करून तिथं चढवायला लागतं. नायतर ती दोन्हीकडं उपाशी." साहेब हसले, पण त्यांनी ते लिहून घेतलं. तेव्हापासून आमच्या ऑफिसात फाइल 'हलवणं' गेलं आणि 'सासरी पाठवणं' आलं. तिने आणखी एक हट्ट पुरा करून घेतला. बोलणाऱ्याचं फोल्डर त्याच्या घरच्या हाकेनेच राहील. तीन सोमी असतील तर पुढे पाड्याचं नाव लावा. "माणूस मेल्यावर घरचे आधारकार्डाचं नाव घेऊन रडत नाहीत, ताई," असं ती मला म्हणाली होती. मला ते तेव्हा जरा जास्तच वाटलं होतं.

तिला जाऊन महिना होत आला आणि मुख्य कार्यालयाचा मेल आला: महिनाअखेरीला 'चाचणी' फोल्डर कायमचं पुसा. त्यात माइक तपासायला केलेली रेकॉर्डिंग असतात. आमच्याकडे माइक तपासायची हेमांगी. म्हणजे तिचा जेवढा आवाज मागे होता, तेवढा सगळा त्यात. तो पुसायला माझा हात धजेना. बोलणाऱ्यांच्या फोल्डरांमध्ये हलवता आला असता, पण गेलेल्या माणसासाठी घरच्यांची संमती लागते. लॅपटॉप घेऊन मी तलासरीला गेले.

तिची आई ओट्यावर नाचणी पाखडत होती. मी सगळं सांगितलं. तिने सूप बाजूला ठेवलं. "पोरीचा आवाज हाय तुमच्याकडं?"

"आहे. पण आत्ता 'चाचणी' या नावाखाली आहे."

"चाचणी कोन?"

मी लॅपटॉप उघडला आणि विचारलं, हेमांगी नावाने ठेवू का?

"ते शाळंत गुरुजींनी घातलं. आमची बुधी ती. त्याच नावानं ठेवा."

इतकी वर्षं शेजारी बसून मला हे माहीत नव्हतं. साऱ्या तालुक्याला घरची नावं परत मिळवून देणाऱ्या पोरीने स्वतःचं कधी सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. मला फार वाईट वाटलं. तिथेच ओट्यावर बसून मी हलवायची आज्ञा टाइप केली, चाचणीतून तलासरीच्या बोलणाऱ्यांमध्ये, बुधी या नावाने. फोनच्या नेटवर ती रेकॉर्डिंग साठवणीत जायला वेळ लागला. आई पडद्याकडे बघत होती, मी अंगणाकडे. गेली. मग मी पहिली फाइल लावली.

"आवाज येतो का?" हेमांगी म्हणाली.

आई लॅपटॉपकडे वाकली. "येतो गं बाय," ती म्हणाली, "बोल."